चौथं मूळ

रात्री पावणेतीनला मेल येतो.
समुद्रापलीकडे एक डोंगर फुटला आहे,
राख पूर्वेला निघाली आहे,
सहापर्यंत आकडे हवेत, विमानं अडली आहेत.
दिवाळ्यातल्या भाड्याच्या खोलीत
मी लॅपटॉप उशीवर टेकवून उघडते.
खाली ओहोटी. खाडीच्या गाळाचा वास.

खांब किती उंच?
एक उपग्रह म्हणतो तेरा किलोमीटर, दुसरा पंधरा.
दोनच किलोमीटर, म्हणाल, एवढं काय.
पण उंची चढते राखेच्या चौथ्या मुळाने:
दुप्पट वर जायला डोंगराला सोळापट ओकावं लागतं.
आणि मला तर उलट उतरायचंय,
शेंड्यावरून पोटात.
तेराचे पंधरा केले की राख पावणेदोनपट होते.
एवढी राख मी कुठून आणू,
कुठे ठेवू?

डोंगराचा स्वतःचा जोर लवकर संपतो.
पुढे खांब चढतो तो गिळलेल्या हवेवर,
आजूबाजूची थंड हवा ओढून, तापवून, हलका होत.
किती गिळतो, त्याला एक आकडा आहे,
शून्य पूर्णांक शून्य नऊ,
टाकीतल्या पाण्यात रंग सोडून कुणीतरी मोजलेला.
तो थोडा कमी धरला
की माझ्या पडद्यावर खांब मोडतो
आणि उतारावरून खाली धावत सुटतो.
खाली काय आहे?
मॉडेलमध्ये तिथे फक्त उतार आहे.

मी आकडा परत होता तिथे ठेवते.

बेलापूरची टेकडीही याच कुळातली म्हणा.
पण इथला दगड असा फुटला नाही, गुमान वाहिला,
घावनावर घावन टाकावं तसा.
हौशीबायचा पाटा त्यातलाच.
त्यावर ती रोज वाटण वाटते,
आणि तो अजून तिच्यावर कशासाठी रागावलेला नाही.

दहा हजार कण सोडते वाऱ्यावर.
जाडे लगेच पडतात, समुद्रात.
बारीक पडतच नाहीत,
नऊ किलोमीटरवर पसरून चालत राहतात,
गुजरात, मग आम्ही, मग पुढे.

पाच वाजता वलांडीकडे दिवा हलतो.
हौशीबाय बोंबील टांगतेय,
जबड्यात जबडा अडकवून, दोन दोन.
मी खिडकीतून सांगते, राख येतेय, पण वरून जाईल.
"इकरं परल का?"
नाही, फार उंचावरून जाणार.
"परल का नाय परल, त्या सांग."
शंभरात एकापेक्षा कमी, मावशी.
ती टोपली खाली ठेवते.
"म्हंजे येक हाय."
आणि निळी ताडपत्री शोधायला जाते.

मी तेरा लिहिते. खोडते. पंधरा लिहिते.
पावणेसहाला चौदा लिहून पाठवते,
जे कुणीच पाहिलेलं नाही.

आठ वाजता ती दार वाजवते,
तर्जनी पुढे करून. बोटावर राखाडी काही.
भिंग काढते. ज्वालामुखीची राख काचेची असते,
कडा फुटक्या बाटलीसारख्या.
हे कण बोथट, मळकट.
सिमेंट आहे मावशी, पलीकडच्या टॉवरचं.
ती बोट लुगड्याला पुसते.
तिला बहुतेक वाईट वाटलं. मलाही, थोडंसं.

"मंग विमानां?"
वळसा घालून जातील. माझ्या चौदावरून.
"चौदा खरा हाय?"
माहीत नाही.
ती ताडपत्रीकडे पाहते,
खाली एक बोंबील शेपटीने वाऱ्यावर हलतोय.
"मंग तू पन झाकलंसच की."

फोन वाजतो. तिसऱ्या उपग्रहाची चित्रं आलीत:
साडेबारा, कदाचित, ढग मध्ये आहेत.
मी चहा ठेवते
आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते.